स्पीकरच्या डोक्यावर काय ठेवावे?

गोंदिया, तिरोडा, आमगाव किंवा देवरी, गाव कोणतेही असो, थोड्या हौशी घराच्या बैठकीत एक देखावा हमखास दिसतो. भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत कमरेइतकी उंच दोन लाकडी खोकी उभी असतात. समोर काळी जाळी आणि आत आठ-दहा इंची वूफर. बरीचशी खोकी गावातल्याच सुताराने प्लायवूडमध्ये बनवलेली असतात, आणि आतले सामान नागपूरहून आणलेले असते. खोक्याचा माथा सपाट, रुंद आणि हाताच्या उंचीवर असतो. अशी जागा घरात रिकामी कशी राहील? त्यावर क्रोशाचा रुमाल येतो, रुमालावर डेक किंवा अँप्लिफायर येतो, आणि शेजारी फुलदाणी. आजोबांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेयर कोणी दुरुस्त करून आणला, तर तोही तिथेच चढतो.

यात काही चुकते का? चुकत असेल तर सगळ्याच वस्तूंच्या बाबतीत, की काहींच्याच? प्रश्न घरगुती वाटतो. पण त्याच्या उत्तरात ध्वनियंत्रांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि वर्गात शिकवण्याजोगे बरेचसे भौतिकशास्त्र व थोडे गणितही आहे.

गिरणीची चाळणी आणि सोनाराचा काटा

गोंदिया हे धानाच्या गिरण्यांचे शहर. गिरणीत धान साफ करणारी मोठी चाळणी सतत हलत असते. तिच्या चौकटीला हात लावला तर तो थरथरतो. त्या चौकटीवर सोनाराचा काटा ठेवून कोणी गुंजभर सोने तोलायला बसेल का? चाळणीचे काम हलण्याचे आहे. काट्याचे काम बारीकशी हालचाल टिपण्याचे आहे. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एकावर एक ठेवता येत नाहीत.

स्पीकरचे खोके ही अशीच एक चाळणी आहे. आतला कागदी शंकू पुढे ढकलला जातो, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार खोके मागे ढकलले जाते. शिवाय शंकूच्या मागे कोंडलेली हवा दर कंपनाबरोबर दाबली जाते, सैल होते, आणि खोक्याच्या सर्व फळ्यांना आतून धक्के देते. वरची फळी चारही कडांना पक्की आणि मध्ये मोकळी असते. म्हणजे ती जवळजवळ पखवाजाच्या पुडीसारखी वागते. तिची स्वतःची एक स्वाभाविक वारंवारता असते, आणि गाण्यातला सूर त्या वारंवारतेशी जुळला की अनुनादामुळे ती अधिकच जोराने कंप पावते. आपल्याला लाकडाचा माथा स्थिर दिसतो, कारण ही हालचाल मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी लहान असते. पण त्यावर ठेवलेले यंत्र नेमक्या एवढ्याच हालचाली टिपण्यासाठी बनवलेले असेल तर?

नाटकातली शिट्टी

याचे उत्तर झाडीपट्टीतल्या प्रत्येक नाट्यरसिकाने ऐकलेले आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. ऐन रंगलेल्या प्रवेशात मध्येच कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. साउंडवाला धावत जाऊन आवाज कमी करतो, नाहीतर माइक थोडा वळवतो, आणि शिट्टी थांबते.

माइकने नटाचा आवाज ऐकला. अँप्लिफायरने तो वाढवला. स्पीकरने तो मोठ्याने उच्चारला. त्यातला काही भाग पुन्हा माइकच्या कानात गेला, पुन्हा वाढला, पुन्हा उच्चारला गेला. एका फेरीत जितका आवाज परत येतो तो मूळ आवाजाएवढा किंवा त्याहून जास्त झाला, आणि मूळ लहरीशी पावलाला पाऊल जुळवून आला, म्हणजे त्याची कला जुळली, की नट गप्प राहिला तरी यंत्र आपले आपणच ओरडू लागते. यालाच प्रत्याभरण म्हणतात. आवाजाच्या या चक्राला डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्यावरून ‘लार्सन परिणाम’ असे नाव मिळाले. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन यांनी १९२१ च्या सुमारास अशा मंडलांच्या आंदोलनाची अट गणिताने मांडली. वर सांगितलेली अट तीच.

आता माइकच्या जागी रेकॉर्ड प्लेयरची सुई ठेवून पाहा. सुईसुद्धा एक प्रकारचा माइकच आहे. फरक इतकाच की माइक हवेची कंपने टिपतो आणि सुई घन पदार्थाची. म्हणून आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात असे देता येईल: ध्वनियंत्रांत काही ‘ऐकणारी’ असतात आणि काही ‘बोलणारी’, ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या डोक्यावर बसवू नये. घरातल्या ध्वनियंत्रांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

भोंग्याच्या काळात शिट्टी का वाजली नाही?

एडिसनने फोनोग्राफ बनवला १८७७ साली. एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले १८८७ साली. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण झाले आणि थोड्याच वर्षांत तबकड्या भारतभर पोहोचल्या. बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या कलावंतांचे गाणे अनेक मराठी घरांत प्रथम शिरले ते याच तबकड्यांतून.

या ग्रामोफोनमध्ये सुई, पडदा आणि कर्णा एकमेकांना थेट जोडलेले असत. १९०६ साली आलेल्या ‘व्हिक्ट्रोला’ या अमेरिकन यंत्रात तर कर्णाही पेटीच्या आत लपवला होता. म्हणजे ऐकणारा आणि बोलणारा एकाच पेटीत, अगदी हातात हात घालून! तरी शिट्टी वाजली नाही. असे का?

कारण तिथे वाढ करणारा कोणी नव्हता. चावीच्या ग्रामोफोनमधली ध्वनीची सारी ऊर्जा फिरत्या तबकडीच्या खाचेतून सुईला मिळे. कर्णा त्या ऊर्जेला हवेत नीट उतरवून देई, पण तिच्यात भर घालत नसे. त्यातून परत सुईपर्यंत येणारा अंश नगण्य असे. शिवाय सुईवर ध्वनिपेटीचा जवळजवळ शंभर ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार असे. इतका भार खाचेत रोवून बसलेला असताना पेटीच्या किरकोळ थरथरीला कोण विचारतो? या भाराने तबकड्या झिजत ही गोष्ट वेगळी.

वीज आली, वाढ आली

पुढे चित्र पालटले. ली डी फॉरेस्टने १९०६ साली तीन अग्रांची निर्वात नळी, म्हणजे ट्रायोड व्हॉल्व्ह बनवला आणि क्षीण विद्युत संकेत वाढवणे शक्य झाले. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. आजही आपल्या घरातला बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. त्याच वर्षी विद्युत पद्धतीने ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आल्या. सुईची हालचाल आता विजेत बदलू लागली, वीज वाढू लागली, आणि वाढलेली वीज शंकू हलवू लागली. प्रत्याभरणाला लागणारे सर्व साहित्य प्रथमच एका घरात जमा झाले.

तरीही पुढची दोन-तीन दशके रेडिओग्रामची होती. वर झाकणाखाली तबकडी, खाली रेडिओ आणि स्पीकर, सगळे एकाच चकचकीत लाकडी कपाटात. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, विविध भारती १९५७ साली. त्या काळात सधन घरात रेडिओग्राम असणे ही प्रतिष्ठेची बाब होती.

या कपाटात घुमण्याचे संकट होतेच. ते टाळण्यासाठी कारखानदारांनी तबकडीचा सगळा पाट स्प्रिंगांवर किंवा रबराच्या ठोकळ्यांवर तरंगता ठेवला. प्रवासात तो हलू नये म्हणून स्क्रूने आवळून धाडत, आणि घरी आल्यावर ते स्क्रू सैल करायचे असत. शिवाय अँप्लिफायरची ताकद काही वॉटचीच असे, आणि कपाट मागून उघडे असल्याने खोल खर्ज फारसा निघत नसे. ऐकणारा आणि बोलणारा एका घरात नांदत होते, ते बोलणारा हळू बोलत होता म्हणून! व्हॉल्व्हही या कटात थोडा सामील असे. त्याच्या आतली बारीक जाळी थरथरली की ती थरथर विजेत उतरते. म्हणजे व्हॉल्व्ह हाही कच्च्या कानाचा श्रोताच.

दूर गेलेला स्पीकर, वर चढलेला प्लेयर

१९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली. तिची खाच फार बारीक होती. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन असे. नव्या तबकडीसाठी ती सुमारे २५ मायक्रॉनवर आली. सुईवरचा भारही काही ग्रॅमपर्यंत उतरला. तबकडी जास्त टिकू लागली, आवाज गोड झाला, पण ऐकणारा आता फार हळवा झाला. पूर्वी ज्या थरथरीकडे तो ढुंकूनही पाहत नव्हता, ती आता त्याला स्पष्ट ऐकू येऊ लागली.

मग १९५७-५८ मध्ये स्टीरिओ तबकडी आली. डावा-उजवा भेद कानाला कळायचा तर दोन स्पीकर एकमेकांपासून दोन-तीन मीटर दूर हवेत. ते एका कपाटात मावेनात. स्पीकर कपाटाबाहेर पडले, स्वतंत्र खोक्यांत गेले, आणि ऐकणारा व बोलणारा यांची आपोआप फारकत झाली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट होती. पण गंमत पाहा! कपाट गेल्यामुळे प्लेयरला जागा उरली नाही, आणि समोर दोन सपाट माथे रिकामे दिसत होते. ज्याला स्टीरिओने दूर नेले त्याला आपण उचलून पुन्हा डोक्यावर बसवले. तेही अशा वेळी, की अँप्लिफायर दसपट ताकदवान झाला होता आणि मोठी खोकी खोल खर्ज काढू लागली होती.

या दोन्ही टोकांवर काम केलेला एक माणूस म्हणजे अमेरिकेतले एडगर व्हिलचर. बंद खोक्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान खोक्यातून खोल खर्ज काढणारा स्पीकर त्यांनी १९५४ साली बाजारात आणला. १९६१ साली त्यांनी एक रेकॉर्ड प्लेयर आणला. त्यात तबकडी आणि सुईची भुजा ही दोन्ही एकाच आतल्या चौकटीवर पक्की बसवून ती चौकट मऊ स्प्रिंगांवर तरंगती ठेवली होती. युक्ती साधी आहे. सुईला थरथर कळते ती तबकडी आणि भुजा यांच्यातल्या सापेक्ष हालचालीमुळे. दोघी बरोबरच हलल्या तर सुईला काहीच कळत नाही, जसे एकाच डब्यात बसलेल्या दोन प्रवाशांना एकमेकांची हालचाल दिसत नाही. आणि मऊ स्प्रिंगेची स्वाभाविक वारंवारता सेकंदाला काही थोडीच आंदोलने एवढी कमी असल्याने त्याहून पुष्कळ जलद कंपने वर पोहोचतच नाहीत. पुढे अनेक कंपन्यांनी ही रचना उचलली.

शिट्टी वाजली नाही म्हणजे सगळे ठीक?

“आमचा प्लेयर खोक्यावरच आहे, पण कधी घुमला नाही,” असे पुष्कळजण म्हणतात. इथे थोडे गणित करू. समजा, सुई १ मायक्रॉन हलली की शंकू १०० मायक्रॉन हलतो, आणि शंकूच्या हालचालीचा दोनशेवा हिस्सा खोक्याच्या माथ्यावर पोहोचतो. म्हणजे सुईपाशी अर्धा मायक्रॉन परत आला. (खरे आकडे यंत्रागणिक आणि सुरागणिक वेगळे असतात.) फेरीचा गुणक ०.५ झाला. तो १ पेक्षा कमी आहे, म्हणून शिट्टी नाही. पण परत आलेला अर्धा पुन्हा फिरून पाव होऊन येतो, पाव आठवा होऊन येतो. कला जुळलेली असेल तर एकूण हालचाल होते:

१ + १/२ + १/४ + १/८ + … = २

दहावीच्या पुढच्या मुलांना ही भूमिती श्रेढी ओळखीची आहे. म्हणजे शिट्टी न वाजताही तो विशिष्ट सूर दुप्पट झाला! दुसऱ्या एखाद्या सुराची कला नेमकी उलटी जुळली तर बेरीज १ − १/२ + १/४ − … अशी होऊन २/३ येते. तो सूर दबतो. गुणक ०.९ झाला तर बेरीज १० होते. आणि आवाज आणखी थोडा वाढवून गुणक १ झाला की बेरजेला अंतच राहत नाही. अँप्लिफायरची ताकद संपते तिथेच काय ती थांबते. तीच शिट्टी, किंवा रेकॉर्ड प्लेयरच्या बाबतीत बहुधा जाडसर ‘हूंऽऽ’.

म्हणून न घुमणारा प्लेयरही निर्दोष समजू नये. तो काही सूर फुगवतो, काही गिळतो, आणि तबला-डग्ग्याचा आघात संपल्यावरही त्याची शेपटी लांबवतो. ऐकणाऱ्याला वाटते, तबकडीतच तसे आहे.

डेक, टीव्ही आणि सीडी

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. १९८० नंतर भारतात कॅसेट घरोघर पोहोचली आणि ‘डेक’ हा शब्द मराठीत रुळला. डेक फितीवरच्या चुंबकीय खुणा वाचतो, खाच नाही. त्यामुळे डेक खोक्यावर ठेवला तरी सहसा घुमत नाही. मात्र स्पीकरच्या मागे मोठा चुंबक असतो. चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे उंच खोक्याच्या माथ्यावर धोका थोडाच. पण छोट्या स्पीकरला टेकवून कॅसेटी रचून ठेवणे शहाणपणाचे नाही.

भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा याच चुंबकाने आपले अस्तित्व डोळ्यांना दाखवले. जुन्या काचेच्या पडद्याच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचे तीन झोत नेमक्या ठिपक्यांवर पडावे लागत. शेजारच्या स्पीकरचे क्षेत्र त्यांना किंचित वळवी आणि पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग दिसत. आजच्या सपाट पडद्यांना ही बाधा होत नाही.

सीडी आली तीही १९८२ सालीच, जपानमध्ये. तिच्यावरील खुणांच्या रांगांमधले अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. मग ती फारच हळवी असायला हवी. पण तिथे भिंग सतत सावरून धरणारी यंत्रणा असते आणि चुकलेले अंक गणिताने भरून काढण्याची सोय असते. थरथर मर्यादेत असेल तर आवाजात उतरत नाही; मर्यादा ओलांडली तर गाणे अडखळते. मधली घुमणारी अवस्था नाही, कारण थरथर आवाज बनून चक्रात शिरत नाही. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर तर जवळजवळ बहिराच. तो खोक्यावर खुशाल ठेवावा, फक्त त्याच्या झरोक्यांवर रुमाल टाकू नये. भार इतका नसावा की उंच खोके लहान मुलाच्या हिसक्याने कलंडेल. फुलदाणी काही ऐकत नाही, पण ती स्वतःच खडखडून गाण्यात आपला सूर मिसळते.

करून पाहा

१. खोक्याच्या माथ्यावर कागद पसरून तांदळाच्या बारीक कण्या टाका. ढोलकीचे किंवा मृदंगाचे ध्वनिमुद्रण लावून आवाज हळूहळू वाढवा. कण्या केव्हा नाचतात, कोणत्या सुराला जास्त नाचतात, ते टिपून ठेवा.

२. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचे टोक आधी खोक्याच्या माथ्यावर, मग शेजारच्या टेबलावर, मग विटांच्या भिंतीतल्या कोनाड्यावर ठेवून ऐका. आवाज हळूच ठेवा. जाड भिंतीतला कोनाडा प्लेयरसाठी किती शांत जागा आहे, ते कळेल.

३. रेकॉर्ड प्लेयर मिळाल्यास मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या तबकडीवर टेकवा. आवाज शून्यापासून अगदी सावकाश वाढवा. ‘हूंऽऽ’ सुरू होताच थांबा आणि बटणाची जागा लिहून ठेवा. आता प्लेयर खोक्यावरून उचलून कोनाड्यात ठेवा आणि पुन्हा पाहा.

आता हे कशाला?

रेकॉर्डचा जमाना गेला, मग ही चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. आम्हाला ती आजच अधिक गरजेची वाटते. अनेक घरांत माळ्यावरच्या तबकड्या आता खाली उतरत आहेत. नाट्यगीते, कीर्तने, पोवाडे मुले संगणकावर उतरवून घेतात, आणि मग त्या मूळ तबकड्या बहुधा भंगारात जातात. उतरवताना प्लेयर स्पीकरवर असेल आणि स्पीकर चालू असेल, तर वर पाहिलेली सारी बेरीज-वजाबाकी त्या प्रतीत कायमची कोरली जाते. तबकडी गेल्यावर मूळ आवाज कसा होता हे पुन्हा कोणालाही तपासता येणार नाही. उतरवताना स्पीकर बंद ठेवून कानाला हेडफोन लावला, तर चक्रच तुटते. याला पैसाही लागत नाही.

शाळेतही हाच नियम उपयोगी आहे. स्नेहसंमेलनात माइकचा स्टँड आणि स्पीकरचे खोके एकाच पोकळ लाकडी मंचावर उभे केले, तर हवेबरोबर मंचाच्या फळ्यांतूनही आवाज माइकपर्यंत परत येतो. खोके मंचाखाली जमिनीवर, माइकच्या पुढे आणि प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवले, की निम्मा त्रास जातो. कोणतेही नवे यंत्र हाती आले की मुलांना एवढेच विचारायला शिकवावे: हे ऐकणारे आहे की बोलणारे? ऐकणारे असेल तर ते कशाची हालचाल टिपते, आणि ती हालचाल आपण ठेवतो त्या जागी आधीच आहे का? याचे उत्तर सापडले की ते यंत्र कुठे ठेवावे हे वेगळे सांगावे लागत नाही.